आवाजावर घर चालते का?

गेल्या डिसेंबरात, कापूस विकून झाल्यावर, आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे अब्बा मगरिबच्या नमाजनंतर घरी आले. सोबत मुलगी होती. हातात एक गुळगुळीत रंगीत पत्रक. मोठ्या शहरातल्या एका ‘व्हॉइस ओव्हर’ शिकवणाऱ्या संस्थेचे. तीन महिन्यांचा कोर्स, फी ३५ हजार रुपये, आणि तळाशी ठळक अक्षरांत ‘काम मिळण्याची शंभर टक्के हमी’. चहा येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग पत्रक आमच्याकडे सरकवून म्हणाले, “सर, आवाज पे घर चलता क्या?”

मुलगी खाली बघत होती. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पिंपळगाव राजाहून खामगावला जाऊन-येऊन शिकते. शाळेत परिपाठाला ती बातम्या वाचायची तेव्हा मागच्या ओळीतली मुलेही गप्प व्हायची. ‘तुझा आवाज चांगला आहे’ हे तिला पहिल्यांदा आम्हीच म्हटले होते, त्यामुळे उत्तराची जबाबदारीही आमचीच.

पण लगेच उत्तर देता आले नाही, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी गावातल्याच एका मुलाला आम्ही असेच म्हटले होते. त्याने अशाच एका संस्थेत पैसे भरले. घरच्यांनी त्यासाठी दोन बकऱ्या विकल्या. बदल्यात त्याला एक प्रमाणपत्र आणि दोन मिनिटांचा ‘डेमो’ मिळाला. कामाचे विचारायला फोन केला की तिकडून कोणी उचलत नसे. आज तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. रस्त्यात भेटला की आदराने सलाम करतो, आणि दरवेळी आमचीच मान खाली जाते. म्हणून या वेळी आम्ही त्या भाईंना म्हटले, पंधरा दिवस द्या, आधी माहिती काढू, मग बोलू. त्या पंधरा दिवसांत जे कळले आणि जे आधीपासून माहीत होते, ते इथे मांडतो. असे पत्रक तुमच्याही घरी आले असेल.

२०२० चा रमजान आठवा. टाळेबंदी होती, मशिदी बंद, तरावीह घरातच. त्या दिवसांत ‘एर्तुग्रुल’ ही तुर्की मालिका उर्दूत आली आणि घरोघर मोबाइलवर पाहिली गेली. आमच्या अम्मी तर म्हणायच्या, “तुर्कांची उर्दू किती साफ आहे!” आम्ही समजावले की ओठ तुर्काचे आहेत आणि आवाज दुसऱ्याच कुणाचा. त्यांना ते पटायला दोन भाग लागले. डबिंगचे काम चांगले झाले की असे होते. ज्याने आवाज दिला तो कुणाला दिसत नाही, त्याचे नावही कुणी विचारत नाही.

हे काम चालते कसे? बाहेरचा आवाज न येणारी खोली, समोर पडदा, कानात मूळ भाषेतला संवाद, हातात आपल्या भाषेतला कागद. पडद्यावरचा माणूस तोंड उघडेल तेव्हा आपण सुरू करायचे, मिटेल तेव्हा थांबायचे. यातली गंमत प, ब, म या अक्षरांत आहे. ही अक्षरे ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. मूळ संवादात ओठ मिटलेले दिसत असतील आणि आपल्या वाक्यात तिथे ‘आ’ असेल तर बघणाऱ्याला काहीतरी खटकते, काय खटकले ते त्याला सांगता येत नाही. म्हणून आवाज देणाऱ्याच्या आधी संवाद लिहिणाऱ्याची कसोटी लागते. अर्थ तोच, लांबी तेवढीच, ओठ त्याच जागी मिटलेले. आमच्या मुलांना उर्दू येते, हिंदी येते, मराठी येते. आवाज साधा असला तरी या लेखनाच्या दाराने आत जाता येते, आणि त्या दारापाशी गर्दीही कमी आहे. करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरात हे कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

आपल्याकडे परदेशी चित्रपटांच्या हिंदी डबिंगला खरा जोर आला तो १९९४ मध्ये ‘जुरासिक पार्क’ हिंदीत आला तेव्हापासून. त्याच्या आदल्याच वर्षी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ आले होते, त्यातल्या शेरखानचा आवाज नाना पाटेकर यांचा. २०१५ च्या हिंदी ‘बाहुबली’त प्रभासच्या तोंडून बोलले ते शरद केळकर. २०२१ च्या हिंदी ‘पुष्पा’त अल्लू अर्जुनसाठी बोलले श्रेयस तळपदे. दोघेही मराठी घरांतले. मुलांचा लाडका डोरेमॉन हिंदीत बोलायचा तो सोनल कौशल या तरुणीच्या आवाजात, आणि छोटा भीमही बरीच वर्षे तिचाच. लहान मुलांचे आवाज पुष्कळदा बायकाच देतात, कारण मुलाचा आवाज वयात येताना फुटतो, बाईचा तसा बदलत नाही. शरद केळकर यांनी स्वतःच अनेकदा सांगितले आहे की ते लहानपणी तोतरे बोलायचे, अडखळायचे. वर्गात एखादे मूल वाचताना अडखळले की बाकीची हसतात, तेव्हा आम्ही हे उदाहरण देतो.

त्याहून जुने एक उदाहरण घरातल्या मोठ्यांना आठवेल. १९८८ मध्ये दूरदर्शनवर ‘महाभारत’ सुरू झाले. रविवारी सकाळी ‘समय’ बोलायला लागायचा. पडद्यावर माणूसच नव्हता, होता फक्त हरीश भिमानी यांचा आवाज. आणि तो जे बोलायचा ते लिहिले होते राही मासूम रझा यांनी.

पण या सगळ्यांच्या आधीचे एक नाव आहे. ते आपल्या मुलांना नीट सांगितले गेलेले नाही असे आम्हाला वाटते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. अमीन सयानी.

मुंबईत १९३२ मध्ये जन्म. आई कुलसुम सयानी प्रौढ साक्षरतेचे काम करायच्या. नव्याने वाचायला शिकलेल्यांसाठी त्यांनी १९४० पासून ‘रहबर’ नावाचे पाक्षिक काढले, सुमारे वीस वर्षे चालवले. भाषा एक, साधी हिंदुस्तानी. लिप्या तीन, देवनागरी, उर्दू आणि गुजराती. हे पाक्षिक काढायला मुलगा आईला मदत करायचा. कालच अक्षर ओळखायला लागलेल्या माणसाला कळेल असे वाक्य कसे लिहायचे, हे त्याने आईच्या टेबलाशी बसून शिकले. कोणत्याही कोर्सच्या पत्रकात हा विषय नसतो.

तरीही आकाशवाणीच्या हिंदी विभागाने तरुणपणी त्यांना आधी नाकारलेच. वाचन चांगले, पण उच्चारांत गुजराती आणि इंग्रजी मिसळलेले, असे कारण दिले गेल्याचे त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितले. थोरले बंधू हमीद सयानी रेडिओवर होते. त्यांच्या सांगण्यावरून अमीनभाईंनी रेडिओ सिलोनचे हिंदी कार्यक्रम कान देऊन ऐकायला सुरुवात केली. त्याच काळात आकाशवाणीवर चित्रपटगीतांना आडकाठी आली होती आणि श्रोते सिलोनकडे वळत होते. ३ डिसेंबर १९५२ ला ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारी रात्री ८ वाजता. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि कोलंबोहून प्रसारित व्हायचा. निवेदन करायचे, मजकूर लिहायचा, आलेली पत्रे वाचायची, या सगळ्याचे आठवड्याला २५ रुपये. थोरामोठ्यांनी नाकारलेले काम होते ते. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली.

‘बहनों और भाइयों’ म्हणताना त्यांनी बहिणींना आधी ठेवले, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले. २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. २० फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत त्यांचा इंतकाल झाला, वय ९१. आमच्या वडिलांकडे एक जुना रेडिओ होता. बुधवारी त्याला आम्हा मुलांनी हात लावायचा नाही, असा घरचा कायदाच होता.

आता आमच्या मुलांच्या जिभेकडे येऊ. आकाशवाणीने सयानींना जे ऐकवले तेच आज आमच्या मुलांना ऐकावे लागते. हा आमचा रोजचा विषय, त्यामुळे थोडे सविस्तर.

उर्दूत ळ नाही, ण नाही. उर्दू माध्यमातले मूल ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणते, ‘पाणी’ला ‘पानी’, आणि ‘काळ’ व ‘काल’ त्याला एकच. ‘मण’भर कापूस सांगायचा तर ‘मन’भर होतो. त्यात आपण वऱ्हाडात राहतो. इथे शेजारपाजारी ळ चा य होतो, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. म्हणजे मूल घरी ‘शाला’ ऐकते, गल्लीत ‘शाया’ ऐकते, आणि ‘शाळा’ हा शब्द फक्त शाळेच्या पाटीवर उरतो! मराठीत च चे दोन उच्चार आहेत. ‘चार’ वेगळा, गुरांचा ‘चारा’ वेगळा. ज चेही तसेच, ‘जीव’ वेगळा, ‘जावई’ वेगळा. लिपीत हा फरक दिसत नाही, तो कानानेच घ्यावा लागतो.

उलट बाजूला मराठी शाळेतली आमची मुले उर्दू शब्द बोलताना नुक्ता गिळतात. ‘जलील’ म्हणजे थोर, ‘ज़लील’ म्हणजे अपमानित. एका नुक्त्याने माणूस कुठून कुठे जातो बघा. एकदा एका कार्यक्रमात आमच्याच विद्यार्थ्याने प्रमुख पाहुण्यांना आदराने दुसरे विशेषण लावले. पाहुणे समजूतदार होते म्हणून निभावले.

पण या घरांत एक ठेवाही आहे, तो आपण मोजत नाही. मकतबमध्ये तजवीद शिकलेल्या मुलाला प्रत्येक अक्षराचा मखरज माहीत असतो. ‘क़ाफ’ जिभेच्या मुळातून, ‘काफ’ त्याच्या थोडे पुढून. वक्फ कुठे करायचा, श्वास कुठे घ्यायचा, हे त्याला वयाच्या आठव्या वर्षी कळते. शहरातल्या वर्गांत ‘श्वासावर ताबा’ या नावाने पैसे घेऊन शिकवतात ते हेच. हाफिज मुलांचा दमश्वास आम्ही वर्गात पाहिला आहे, एका दमात आख्खा परिच्छेद. अडचण एवढीच की वाचनात किरतची लय उतरते. बातमी वाचायची तर ती लय बाजूला ठेवावी लागते आणि त्याला काही महिने लागतात.

मग काम कुठे आहे? जवळचे आधी सांगतो. आपल्याला अकोल्याचे आकाशवाणी केंद्र आहे. अशी केंद्रे वेळोवेळी नैमित्तिक उद्घोषकांसाठी जाहिरात काढतात. लेखी परीक्षा, मग स्वरपरीक्षा, निवड झालेल्यांना प्रशिक्षण. महिन्यात मोजक्याच ड्यूट्या मिळतात, कायम नोकरी समजू नये. त्यावर घर चालत नाही, पण आवाजाला जी शिस्त लागते ती आयुष्यभर पुरते. नाटकासाठी वेगळी स्वरपरीक्षा असते. मुंबई आकाशवाणीवर ‘प्रपंच’मधून टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत मराठी घरांत पोचले ते याच परंपरेतून. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांचे चेहरे बहुतेकांनी पाहिलेही नव्हते, तरी ती माणसे घरातली वाटायची.

दुसरे काम बोलक्या पुस्तकांचे. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आले ते मराठी घेऊनच. त्यानंतर कुकू एफएम, पॉकेट एफएमसारखी ॲप आली. एक कादंबरी म्हणजे आठ-दहा तासांचे ध्वनिमुद्रण, एकट्याने, पहिल्या पानाचा आवाज शेवटच्या पानापर्यंत सारखा ठेवून. हे काम घाईच्या माणसाचे नाही. मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्था दृष्टिहीनांसाठी पुस्तके वाचून घेतात. तिथे बहुतेक काम सेवेचे असते, पण नवशिक्याला सरावाची यापेक्षा चांगली जागा नाही, आणि ऐकणाऱ्याला खरोखर गरज असते. आम्ही स्वतः टाळेबंदीत रजईखाली बसून मुलांसाठी धडे रेकॉर्ड केले. एका दृष्टिहीन मुलाच्या आईने ते धडे जपून ठेवल्याचे सांगितले तेव्हा आम्हाला बरे वाटले.

गावातले काम आपण काम म्हणून धरतच नाही. रिक्षावर भोंगा लावून फिरणारी दुकानाची जाहिरात, निवडणुकीचा प्रचार, जलशाची निजामत, मुशायऱ्याचा नाजिम. अन्वर जलालपुरी यांचे मुशायऱ्यातले नाव शायर म्हणून जेवढे, तेवढेच नाजिम म्हणूनही होते. शेगाव किंवा मलकापूरच्या फलाटावर जी घोषणा ऐकू येते तीही कुणीतरी एकदा बसून बोललेली असते. गावांची नावे वेगळी, आकडे वेगळे, वाक्याचे तुकडे वेगळे, मग यंत्र ते जोडते.

आणि मुंबई. चित्रपट, मालिका, जाहिराती यांचे बहुतेक काम तिथेच. तिथला नवा माणूस सुरुवातीला गर्दीचे आवाज देतो. बाजारातला गलका, लढाईतल्या आरोळ्या, ‘भागो भागो’. तिथून एक ओळ, मग एक छोटे पात्र. ओळखीने आणि चिकाटीने काम वाढते. मानधनाचा एक ठरलेला दर नसतो, आणि पैसे हातात यायला दोन-तीन महिनेही लागतात. ज्याच्याकडे वर्षभर खोलीभाडे द्यायची सोय नाही त्याने नुसत्या आवाजाच्या भरवशावर मुंबईची गाडी धरू नये. दुसरी नोकरी करत करत हे करावे. आज प्रसिद्ध असलेल्यांपैकी अनेकांनी तसेच केले आहे.

मुलींच्या बाबतीत घरात जो प्रश्न निघतो तो आम्ही टाळत नाही. त्या संध्याकाळी त्या भाईंनीही विचारला. आवाजाच्या पर्द्याबद्दल उलेमांची मते एकसारखी नाहीत आणि फतवा देणे शिक्षकाचे काम नाही; ज्यांना विचारायचे त्यांना विचारा. आम्ही फक्त कामाचे स्वरूप सांगतो. यात चेहरा दिसत नाही, बरेचसे काम घरून होते, आणि शैक्षणिक, आरोग्याची, शेतीची माहिती देणारी कामे भरपूर आहेत. स्टुडिओत जायचे तर वेळ विचारून, पहिल्या वेळी घरचे कुणी सोबत घेऊन. दारूची, जुगाराची, सावकारीची जाहिरात करायची नाही असे ठरवले असेल तर ते पहिल्याच दिवशी सांगावे. नाही म्हणता येते, आणि म्हणणारे आहेत.

आता यंत्राचे. संगणक हल्ली माणसासारखे बोलतो, कुणाचाही आवाज उचलतो. छोट्या जाहिराती, फोनवरच्या सूचना ही कामे त्याने खायला सुरुवात केली आहे, हे लपवून कोर्स विकणारा खोटे बोलतो. २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन परवानगीशिवाय त्यांच्या आवाजाची नक्कल करण्याला मनाई केली. ते नामवंत होते, न्यायालयात गेले. आमच्या मुलांनी निदान सहीआधी कागद वाचावा. आवाज कशासाठी वापरणार, किती काळ, आणि त्यावरून यंत्राला शिकवणार का, हे लेखी घ्यावे. ‘नमुन्यासाठी शंभर वाक्ये फुकट वाचून पाठवा’ असा निरोप आला तर पाठवू नये. खरी चाचणी दोन-चार ओळींत होते.

फसवणुकीचीही तीच खूण. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. शिकवण्याची फी घेणे गैर नाही, चांगले शिक्षक आहेत. पण जो फीसोबत कामाची हमी विकतो, त्याला आधीच्या दहा विद्यार्थ्यांची नावे विचारा आणि त्यांना स्वतः फोन करा. आम्ही त्या पत्रकावरच्या नंबरवर फोन करून हेच विचारले. “सर, डेटा कॉन्फिडेन्शियल आहे,” असे उत्तर आले, आणि मग रोज सकाळी तिकडूनच सवलतीचे फोन यायला लागले. तिसऱ्या दिवशी फी २२ हजारांवर आली होती.

पंधरा दिवसांनी आम्ही त्या भाईंकडे गेलो. सांगितले, एवढ्यात यावर घर चालणार नाही. बी.ए. पुरे होऊ द्या, बी.एड. करायचे म्हणते तर करू द्या. ३५ हजार बँकेतच राहू द्या, त्यातले फार तर दोन-तीन हजार एका बऱ्या माइकला. ध्वनिमुद्रणाचे ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. रोज पंधरा मिनिटे वाचन, एक दिवस मराठी वर्तमानपत्राचा अग्रलेख, एक दिवस उर्दू. रेकॉर्ड करायचे आणि लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकायचे, म्हणजे चुका परक्याच्या वाटतात आणि दिसतात. माइक तोंडासमोर न धरता थोडा बाजूला, वीतभर लांब, म्हणजे प आणि फ चा वारा त्यावर आदळत नाही. पंखा बंद. भिंतींना रजया.

भाई बराच वेळ हिशेब करत राहिले. मग मुलीकडे पाहून म्हणाले, “पढ ले पहले. आवाज कहीं भाग नहीं रहा.” ती हसली नाही, पण उठून आत गेली ती पत्रक घेऊनच.

त्यांच्या घराशेजारी पिठाची गिरणी आहे. ती इशाच्या सुमारास बंद होते, त्यानंतर तिचे रेकॉर्डिंग सुरू होते. दर शुक्रवारी ती आमच्याकडे एक फाइल पाठवते. पहिल्या महिन्यात ‘डोळे’ आणि ‘टाळ्या’ यांनी तिला रडवले. गेल्या आठवड्यात ‘जवळजवळ’ एकदाही चुकले नाही. ‘चारा’ अजून चुकतो. अकोला केंद्राच्या जाहिरातीवर आम्ही दोघेही लक्ष ठेवून आहोत. त्या रंगीत पत्रकाची मागची बाजू कोरी होती, तिथे तिने ळ चे शब्द लिहून काढले आहेत. सव्वाशे झाले म्हणते.